सुतारांच्या मुलखात

राजाचा सारा कोणी धान्याने भरला, कोणी कापडाने, कोणी रोकड मोजून. पण ज्या मुलखाने आपला सारा पिढ्यान् पिढ्या सुतार पाठवून भरला, असा मुलूख मला एकच ठाऊक आहे. तो जपानात आहे आणि त्याचे नाव हिदा.

हिदा म्हणजे जपानच्या सर्वांत मोठ्या बेटाच्या अगदी पोटातला डोंगराळ प्रदेश. चहूकडे बर्फाचे पहाड आणि मध्ये चिमटीत मावेल एवढी सपाट जमीन. तिथे भात पिकणार किती आणि कापड विणणार किती? झाडे मात्र अलोट, आणि झाडांत राहून लाकडाची नस ओळखणारी माणसेही तशीच. म्हणून आठव्या शतकाच्या आरंभी जपानी दरबाराने साऱ्या देशाला एक कायदा लावला, तेव्हा या एका प्रांतापुरते वेगळे कलम घातले. हिदाने कापड देऊ नये, इतर वेठही करू नये. त्याऐवजी दर पन्नास घरांच्या गावामागे दहा माणसे वर्षभर राजधानीत सुतारकामाला धाडावीत. ती माणसे डोंगर उतरून पायी नारा शहरी जात, राजवाडे आणि देवळे उभारीत आणि वर्ष संपले की घरी परतत. सगळीच परतत असे मात्र नाही. काम इतके कष्टाचे, की कित्येक जण पळून जात आणि नाव बदलून दुसऱ्या प्रांतात दडून बसत. ८३४ साली त्यांना हुडकून आणण्याचा हुकूम निघाला. त्यात लिहिले आहे की हिदाच्या लोकांची बोली आणि चेहरेपट्टी इतरांहून निराळी असते, तेव्हा नाव बदलले तरी ते लपत नाहीत! सरकारी कागदात असा एखादा जिवंत तपशील सापडला की मला फार बरे वाटते. आडगावच्या रस्त्याने खाली मान घालून चाललेला, तोंड उघडायला भिणारा तो सुतार डोळ्यांपुढे उभा राहतो.

त्या सुतारांच्या मुलखातले मुख्य गाव ताकायामा. आमचा धाकटा नागोयाला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो असताना एका ऑक्टोबरात आम्ही दोघे तिथे चार दिवस राहून आलो. टोकियो आणि क्योतोबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. ताकायामाला जाऊन आलेली मंडळीही थोडी नाहीत, पण ती बहुधा सकाळच्या गाडीने जातात आणि संध्याकाळी परततात. त्या गावाला एवढ्याने भेटता येत नाही, असे माझे मत आहे.

नागोयाहून आगगाडीने सव्वादोन-अडीच तास लागतात. गाडीचेही नाव ‘हिदा’च. फलाटावरून गाडीत शिरलो तर सगळ्या खुर्च्या उलट्या तोंडाने मांडलेल्या! आमच्या सौभाग्यवतींनी मला हळूच विचारले, ‘‘अहो, ही गाडी नक्की तिकडेच जाते ना?’’ वीस मिनिटे आम्ही पाठमोरे प्रवास केला. मग गिफू स्टेशन आले, गाडी तिथून उलट दिशेने निघाली आणि क्षणात आमची तोंडे सरळ झाली. खुर्च्या त्या पुढच्या प्रवासाच्या हिशेबाने आधीच मांडून ठेवल्या होत्या. यानंतर गाडी हिदा नदीचा हात धरते ती बराच वेळ सोडीत नाही. कधी नदी उजवीकडे, कधी डावीकडे, हिरवे डोह, पांढरे धोंडे आणि बोगद्यामागून बोगदे. हा लोहमार्ग पुरा झाला १९३४ साली. तोपर्यंत या गावाला यायचे म्हणजे घाट चढूनच यायचे. ताकायामाचे पुष्कळसे जुनेपण शाबूत राहिले ते या उशिरामुळे.

पुष्कळसे म्हटले, सगळे नव्हे. त्याची हकीकत पुढे येईल.

गाव वसवले कानामोरी नागाचिका नावाच्या सरदाराने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याने टेकडीवर किल्ला बांधला, खाली मियागावा नदीच्या काठाने सरळ रस्ते आखले आणि पूर्वेच्या डोंगरउतारावर देवळांची रांग लावली. सगळा नमुना क्योतोचा. त्या उताराचे नावही क्योतोतल्यासारखेच, हिगाशियामा. सहा पिढ्या कानामोरींनी राज्य केले. १६९२ मध्ये शोगुनने त्यांना दूर उत्तरेकडे हलवले आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. कारण अर्थात लाकूड, आणि खाणीही. तीन वर्षांनी किल्ला पाडून टाकण्यात आला. सरदार गेला, त्याचे सामुराई गेले, आणि गाव उरले वाण्या-उदम्यांचे, कारागिरांचे व त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीचे.

ती कचेरी, जिन्या, आजही उभी आहे. जपानभर अशा साठावर कचेऱ्या होत्या म्हणतात; मुख्य इमारत शिल्लक राहिली ती ही एकच. १९६९ सालापर्यंत तिच्यात सरकारी काम चालत होते. पायताणे पिशवीत घालून आपण आत शिरतो आणि दालनामागून दालन ओलांडीत जातो. पायाखाली गवती चटया, डोक्यावर तासलेल्या तुळया, कुठे भडक रंगाचा ठिपका नाही. लाकडातले खिळे झाकायला धातूचे इवलेसे ससे बसवले आहेत, समोरून पाहिलेले, कान उभारलेले. ससेच का, याचे एक कारण सांगतात ते असे की सशाचे कान लांब, तेव्हा कारभाऱ्यानेही रयतेचे गाऱ्हाणे तसेच कान देऊन ऐकावे. कल्पना सुरेख आहे. पण पुढच्याच दालनात चौकशीची जागा आहे: खाली पांढरे खडे पसरलेले, त्यावर आरोपीला बसवायचे, आणि शेजारी कबुलीजबाब काढण्याची साधने ठेवलेली. १७७१ पासून अठरा वर्षे हिदाच्या शेतकऱ्यांनी वाढीव साऱ्याविरुद्ध दाद मागितली, उठाव केले, अनेकांनी प्राण गमावले. अखेर त्या कारभाऱ्यालाच एका दूरच्या बेटावर हद्दपार व्हावे लागले. ससे तोपर्यंत कान टवकारून तिथेच होते.

आता गल्ल्यांकडे वळतो. सान्माची म्हणजे तीन समांतर गल्ल्या. सकाळी सातच्या आत तिथे गेले पाहिजे. दहा वाजले की सगळ्या जगाचे कॅमेरे तिथे गोळा होतात. घरे एकाला एक खेटून, काळपट तपकिरी, पुढे बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी आणि वर खाली झुकलेली वळचण. रस्त्याकडून वरचा मजला इतका बुटका दिसतो की आत माणूस उभा राहील की नाही अशी शंका यावी. वाण्याने आपल्या माडीवरून रस्त्याने जाणाऱ्या सामुराईच्या डोक्यावर नजर टाकणे तेव्हा बेअदबी समजत. दोन्ही कडांनी दगडी पाट खळखळत वाहतात. बर्फ लोटायला आणि आग विझवायला हेच पाणी. मधूनच एखाद्या दारावर सुरूसारख्या झाडाच्या डहाळ्यांचा मोठा गोल गेंद टांगलेला दिसतो. ती तांदळाची दारू गाळणाऱ्याची खूण. नवी दारू तयार झाली की हिरवा गेंद लागतो, आणि तो तपकिरी होत गेला की दारू मुरत चालली असे गिऱ्हाईकाने समजायचे. पाटीवर एक अक्षर लिहावे लागत नाही!

बाहेरून घर गरीब दिसते. आत गेल्यावर मात्र माणूस थबकतो. १८७५ च्या आगीनंतर १८७९ साली पुन्हा बांधलेले कुसाकाबे या सावकार घराण्याचे घर आता पाहायला खुले आहे. त्याच्या ओटीवर उभे राहून वर पाहिले तर छपरापर्यंत सगळे मोकळे, आणि त्या अंधारात एकावर एक आडव्या-उभ्या तुळया गेलेल्या. मधोमध जमिनीत चुलखंड. वरून लोंबणाऱ्या आकड्याला किटली टांगलेली. झरोक्यातून उजेडाची एक तिरीप येते आणि तुळईवरून घसरत खाली उतरते. सारे लाकूड वर्षानुवर्षे हाताने पुसून आरशासारखे झालेले. शोगुनच्या अमलात वाण्याला उंची लाकूड आणि डामडौल यांची मनाई होती. बाहेर मिरवता येत नाही म्हटल्यावर पैसेवाल्यांनी आपली हौस आत वळवली आणि सुतारांनी तिथे आपली कला ओतली. मनाई उठल्यानंतरही वळण तेच राहिले. माणसाला मिरवायला बंदी केली की काय काय चांगले होऊ शकते, याचा मी पुष्कळ वेळ विचार करीत उभा होतो.

सौभाग्यवतींचा विचार वेगळ्या दिशेने चालला होता. त्या म्हणाल्या, ‘‘हे सगळे पुसत कोण असेल हो रोज?’’

हा प्रश्न त्यांनी आमच्या उताराच्या घरच्या आजीबाईंनाही विचारला. आजीबाईंना जपानीखेरीज भाषा येत नव्हती, आम्हाला जपानी येत नव्हते. मध्ये आमच्या मोबाईलमधला दुभाष्या. त्याने काय भाषांतर केले कोण जाणे, पण आजीबाई हसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात पुढे केले. सौभाग्यवतींनीही आपले दाखवले. नंतर त्या दोघींचे इतके जमले की दुभाष्याला सुट्टी मिळाली.

जेवणाची मला धास्ती होती, कारण घरात मांस-मासळी चालत नाही आणि जपानी आमटीत सुक्या माशाचा अर्क कुठेही दडलेला असतो. हिदाचे गोमांस तर साऱ्या जपानात नावाजलेले. गल्लीच्या तोंडाशी त्यासाठी रांग लागते. आम्ही त्या रांगेला दुरूनच नमस्कार केला. आजीबाईंना मात्र आमच्या पथ्याचे काहीच नवल वाटले नाही. बौद्ध भिक्षूंचे शाकाहारी जेवण या देवळांच्या गावात पूर्वापार आहे. त्यांनी पहिल्याच सकाळी एक मातीची शेगडी पुढे आणून ठेवली. तिच्यावर एक भलेमोठे वाळके पान, पानावर आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा, कांद्याची पात आणि अळंबी. खालच्या निखाऱ्याने पान तापते, कडा करपतात, आणि त्या गोळ्याला जो वास सुटतो त्याबरोबर तीन वाट्या भात कधी संपला ते कळत नाही. हे पान ज्या झाडाचे, ते आपल्या सोनचाफ्याच्या कुळातले. डोंगरातल्या माणसांना भांडे महाग, पान फुकट. आपल्याकडे पानावर वाढतात, इथे पानावर शिजवतात, एवढाच काय तो फरक.

सकाळी नदीकाठी बाजार भरतो. खेड्यांतून आलेल्या बायका लाल सलगम, त्यांचे लोणचे, सफरचंदे, फुले घेऊन बसतात. भाव करायचा नसतो, हे सौभाग्यवतींना सोसायला दोन दिवस लागले. तिथेच जागोजागी टांगलेल्या एका लाल कापडी बाहुलीने त्यांना पकडले. हात-पाय चारी दिशांना ताणलेले आणि चेहऱ्याच्या जागी नुसता लाल गोळा: नाक नाही, डोळे नाहीत. नाव सारुबोबो, म्हणजे माकडाचे पिल्लू. पूर्वी घरोघरच्या आज्या उरल्यासुरल्या चिंध्यांतून नातवंडांसाठी ही शिवीत. ‘सारु’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ‘निघून जाणे’, म्हणून हिच्यामुळे इडापीडा टळते. चेहरा का नाही, तर पाहणाऱ्याचे मन जसे असेल तसा तो दिसतो, असे विकणारी बाई म्हणाली. तिचे मन त्या वेळी गल्ल्याकडे असावे. पण बाहुली आम्ही घेतली.

गावातली सगळ्यात जुनी जागा हिदा कोकुबुन्जी. ७४१ साली शोमू सम्राटाने प्रांतोप्रांती एकेक मठ बांधण्याची आज्ञा केली, त्यांतला हा हिदाचा. मुख्य देव याकुशी, म्हणजे आपला भैषज्यगुरू, औषधे देणारा बुद्ध. अंगणात तीन मजली पागोडा आणि त्याच्या शेजारी बाराशे वर्षांहून जुना गिंको वृक्ष. ऑक्टोबरात त्याची पाने नुकती पिवळी पडू लागली होती. याची सगळी पाने गळली की गावात बर्फ पडते, असा लोकांचा अनुभव. खोडावरून स्तनांसारख्या गाठी लोंबतात. ज्या आईला दूध येत नाही ती इथे येऊन नवस बोलते.

या झाडाची कथा सुतारांचीच आहे. इथे पूर्वी सात मजली पागोडा होता. तो बांधणाऱ्या मुख्य सुताराने खांब चुकून आखूड कापले. एवढे मोठे लाकूड दुसरे आणायचे कुठून? सुताराने अन्नपाणी सोडले. त्याच्या मुलीने, यायेगिकूने, बापाला सुचवले की खांबाच्या डोक्यावर लाकडी ठोकळ्यांची उतरंड बसवा; उणीव भरून निघेल आणि शोभाही येईल. बापाने तसे केले. पागोडा असा काही देखणा झाला की लोक वाहवा करू लागले. मग बापाला भीती पडली, की ही युक्ती मुलीची हे फुटले तर आपली अब्रू काय राहील? त्याने मुलीला मारले, देवळाच्या आवारात पुरले आणि वर गिंकोचे रोप लावले.

कथा सांगणारा फलक वाचून आम्ही बराच वेळ त्या झाडाखाली बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आणि दूध येत नाही म्हणून बायका येतात त्या हिच्याकडे.’’ मला बोलण्यासारखे काही नव्हते.

हिदाने आपल्या मुलींना असे आणखीही खर्ची घातले आहे. मेइजी काळात जपानने रेशीम विकून परकीय चलन मिळवले. ते रेशीम कातायला या डोंगरातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी जथ्यांनी नोमुगी घाट ओलांडून पलीकडच्या सुवा सरोवराकाठच्या गिरण्यांत जात आणि वर्षाच्या अखेरीला बर्फ तुडवीत परत येत. १९०९ साली त्यांतली एक आजारी मुलगी भावाच्या पाठीवरून घरी यायला निघाली आणि घाटमाथ्यावरून आपला हिदा दिसला तिथेच तिने प्राण सोडला. या पोरींच्या हकिकती गोळा करून यामामोतो शिगेमी यांनी १९६८ मध्ये पुस्तक लिहिले. १९७९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्या वाण्यांच्या घरातल्या लखलखत्या तुळया पाहून आल्यावर हेही ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

देवळांच्या मागच्या उतारावर कबरस्ताने आहेत. एका कबरीमागे उंच लाकडी फळ्या उभ्या होत्या. त्यांना सोतोबा म्हणतात. शब्द आपल्या ‘स्तूपा’वरूनच गेलेला. फळीवर वरपासून खाली पाच अक्षरे, सिद्धम् लिपीतली: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपली पंचमहाभूते! मेलेल्या जपानी माणसाच्या उशाशी, देवदारांच्या सावलीत, पावसाने काळवंडलेल्या फळीवर ती अक्षरे पाहून अंगावर काटा आला. ही लिपी आपल्याकडे कधीच विसरली गेली.

आम्ही तिथे ऑक्टोबरात गेलो ते एका बेताने. ताकायामाच्या रथांचे दोन उत्सव: वसंतातला हिये देवस्थानाचा, १४ आणि १५ एप्रिलला, आणि शरदातला साकुरायामा हाचिमान देवस्थानाचा, ९ आणि १० ऑक्टोबरला. वसंतात बारा रथ निघतात, शरदात अकरा. २०१६ साली युनेस्कोने जपानातल्या तेहतीस रथोत्सवांना अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हाही आहे. रथ तीन मजली, लाखकाम केलेले, सोन्याने मढवलेले, कोरीव कामाने भरलेले. आणि एक कडक नियम: पाऊस असेल तर रथ बाहेर काढायचा नाही.

नऊ तारखेला पहाटेपासून पाऊस लागला.

संध्याकाळी कंदील लावून निघणारी मिरवणूक रद्द झाली. सौभाग्यवतींनी छत्री उघडली आणि म्हणाल्या, ‘‘चला, घरीच जाऊन बघू रथ.’’ त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. रथाचे घर गल्लीतच असते: जाड मातीच्या भिंतींची, पांढऱ्या गिलाव्याची दोन माणूस उंच वखार आणि तिला तेवढेच उंच दार. पावसाच्या दिवशी दार उघडून रथ आतच दाखवतात. आम्ही एका दाराशी गेलो तेव्हा आत जुन्या तऱ्हेचा अंगरखा घातलेले एक सत्तरीचे आजोबा पाटावर बसून पावसाकडे पाहत होते. मी दुभाष्या पुढे केला. त्यांनी सांगितलेले जेवढे कळले तेवढे लिहितो.

रथ देवळाचा नसतो, नगरपालिकेचाही नसतो. तो आळीचा असतो. आळीतली घरे मिळून एक मंडळ होते, ते रथ सांभाळते, दुरुस्तीला पैसा उभा करते, दोर ओढणारी माणसे देते. हे ऐकून मला आपली गणेशमंडळे आठवली, पण हिशेबाची वही आजोबांची जुनी होती. कोरीव काम ढिले झाले तर ते कोणत्या सुताराने करायचे, लाख कोणी चढवायची, हे ठरलेले. रथाला चार चाके, आणि कोपरा आला की तरफेने रथ उचलून खाली पाचवे चाक घालतात आणि सगळा डोलारा त्याच्यावर फिरवतात. ‘‘पाचवे चाक घालणाऱ्या माणसाचा हात कापता कामा नये,’’ आजोबा म्हणाले. त्यांचा आता कापतो.

मग त्यांनी मघाच्या ‘पुष्कळसे’ची हकीकत सांगितली. युद्धानंतर सगळ्या जपानाला नव्याची घाई झाली. ताकायामातही जुनी घरे पाडून सिमेंटच्या इमारती उठू लागल्या, आणि मियागावा नदी उकिरडा झाली. साठच्या दशकात शाळकरी पोरांनी आणि मोठ्यांनी मिळून नदी साफ केली आणि तीत मासे सोडले. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. फुटक्या बाटल्या वेचून पाय कापल्याची खूण त्यांनी दाखवली. नदी साफ झाली तेव्हा लोकांचे लक्ष काठावरच्या घरांकडे गेले. १९६६ साली कामी-सान्नोमाचीच्या रहिवाशांनी आपण होऊन गल्ली जपायचे मंडळ काढले. सरकारचा संरक्षणाचा शिक्का आला तो त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये. म्हणजे हे गाव कोणी झोपेत विसरले म्हणून जुने राहिलेले नाही. अर्धे पाडून झाल्यावर जागे होऊन उरलेले धरून ठेवले आहे. आपल्याकडच्या वाड्यांचा विषय मी मनातल्या मनात काढला आणि तिथेच मिटला.

पण धरून ठेवायला हात लागतात. २००५ साली आसपासची नऊ गावे सामावून ताकायामा क्षेत्रफळाने जपानातली सर्वांत मोठी नगरपालिका झाली, जवळजवळ टोकियोएवढी! त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल. माणसे तेव्हा शहाण्णव हजार होती, २०२० च्या शिरगणतीत चौऱ्याऐंशी हजार भरली. उलट २०१९ या एका वर्षात इथे रात्रीच्या मुक्कामाला राहिलेले परदेशी पाहुणे सहा लाखांवर. आळीत दुकाने वाढली, पण दुकानदार रात्री कुलूप लावून गावाबाहेरच्या घरी जातो. ‘‘पाहायला पुष्कळ येतात,’’ आजोबा म्हणाले. पुढचे ते बोलले नाहीत, आणि पाऊस पडतच होता.

दहा तारखेला उघडले. डोंगरांवरून धुके उठत होते, रस्ते अजून ओले, आणि हाचिमानच्या देवळापुढे रथ एका ओळीत येऊन उभे राहिले. सगळ्यांत गर्दी होतेइताई नावाच्या रथापुढे, कारण त्याच्यावर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होतो. ढेरपोट्या, हसऱ्या होतेइ देवाची एक बाहुली आणि दोन मुलांच्या. मुले एका आडव्या दांडीवरून दुसरीवर झोके घेत, मध्येच हात सोडून हवेतून पलीकडची दांडी पकडत, होतेइच्या खांद्यावर येऊन बसतात. कुठे माणूस दिसत नाही. छत्तीस दोऱ्या रथाच्या पोटातून जातात आणि त्या ओढणारी मंडळी आत अंधारात बसलेली असतात. त्यांना बाहुली दिसतही नाही म्हणतात. पहिले मूल मधल्या दांडीला लटकले आणि थांबले. हजारो माणसे गप्प. मग ते सुटले, पोहोचले, आणि जो एक सुस्कारा त्या सगळ्या मैदानातून निघाला तो मी अजून विसरलो नाही. सौभाग्यवतींनी माझा दंड किती घट्ट धरला होता हे नंतर कळले.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या आजोबांच्या गल्लीत गेलो. त्यांचा रथ घरी येत होता. दोरावर काही पांढरी डोकी होती, काही अगदी कोवळी पोरे, आणि एक उंच तरुण. तो आजोबांचा नातू, पहाटेच्या बसने नागोयाहून आला होता आणि रात्रीच्या बसने परत जाणार होता. कोपरा आला. रथ थांबला, तरफ लागली, आणि पाचवे चाक घालायला तो तरुण वाकला. आजोबा त्याच्या मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त दोन बोटांनी त्याच्या पाठीला स्पर्श करून ठेवला होता. रथ करकरला, सावकाश फिरला, वखारीच्या तोंडाशी आला. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. आत गेला. दार लागले.

लोकांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले. आजोबांनी आम्हाला ओळखले, अंगरख्याच्या बाहीने कपाळ पुसले आणि भरभर काहीतरी सांगितले. मी दुभाष्या काढला. त्यावर मराठी अक्षरे उमटली: ‘पुढच्या वर्षी मुलाला आणा. दोराला जागा आहे.’